विसाव्यासमोरची भिंत

आम्ही प्लॉट पाहायला आलो तेव्हा दलालाने वारा दाखवला, विहिरीचं पाणी दाखवलं, एस.टी. स्टँड किती जवळ आहे ते हातवारे करून सांगितलं. नाल्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडबद्दल मात्र तो चकार शब्द बोलला नाही. आमच्या यजमानांची उभी नोकरी कंडक्टर म्हणून गेलेली. ते मला म्हणाले, "एवढ्या आडबाजूला बसस्टॉप कायले बांधला असन?" दलाल घाईघाईने म्हणाला, "असू द्या ना साहेब, सावली हाय." त्याच सावलीसमोर आम्ही घर बांधलं. पाया खोदायला घेतला त्या आठवड्यात शेडमधून धूर निघाला आणि तो बसस्टॉप नसून गावचं मोक्षधाम आहे हे आम्हाला कळलं. तोवर खरेदीखत होऊन गेलं होतं.

मी ब्लाऊज शिवते. मशीन खिडकीपाशी, कारण उजेड तिथेच येतो, आणि खिडकी नेमकी नाल्याकडे. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात कोण गेलं, हे मला पुष्कळांच्या आधी समजायचं. सुरुवातीला बॉबिन भरताना हात थांबायचा, पुढे सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि त्यात बाईमाणसाला जरा लवकरच.

तर विसावा. मयत गावातून निघते, मोठ्या रस्त्याने चढावर येते आणि तिथे कडुनिंबाखाली एक दगडी ओटा आहे, त्यावर तिरडी टेकवतात. खांदेकरी बदलतात आणि पुरुष पुढे उतारावर जातात. बाया तिथूनच मागे फिरतात, ही सगळीकडची रीत. आमच्या गावात मात्र त्या फिरत नसत. चढावरून नाल्यापलीकडचं सगळं दिसायचं. म्हणून बाया पदर तोंडाला लावून तिथेच उभ्या राहायच्या. सरण रचताना पाहायच्या, मुलगा मडकं घेऊन फेरे मारताना पाहायच्या आणि जाळ दिसला की मग आंघोळीला घरी यायच्या. असं कुणी ठरवून दिलं नव्हतं. आत जायचं नाही एवढं पुरुषांनी सांगितलं होतं, मग जिथपर्यंत जाता येतं तिथपर्यंत जाऊन त्या पाहत होत्या.

बायांनी आत का जायचं नाही, हे मी लग्न होऊन सासरच्या खेड्यात आले तेव्हा एकदा विचारलं होतं. "बायाईचं कायीज लहान असते," असं उत्तर मिळालं. ज्या बायांनी घरोघरी बाळंतपणं केली, गावठी कोंबड्या सोलल्या, दारू पिऊन आलेले नवरे उचलून बाजेवर टाकले, त्यांचं काळीज लहान! मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा मी त्याच कडुनिंबाखाली उभी होते. यजमान मडकं खांद्यावर घेऊन फिरत होते आणि तिसऱ्या फेऱ्याला त्यांचा पाय अडखळला. हा माणूस चालत्या बसमध्ये पंचवीस वर्षं उभा राहिला, कधी तोल गेला नाही. तो तिथे अडखळलेला मी पाहिला आणि त्या क्षणी मला सासूबाईंपेक्षा त्यांचंच जास्त रडू आलं. मग जाळ दिसला. सासूबाईंचं नि माझं कधी फारसं जमलं नव्हतं, पण तो जाळ पाहिला नसता तर मी कितीतरी दिवस त्यांच्या खोकल्याची वाट पाहत बसले असते. गेलेलं माणूस गेलं हे डोळ्यांनी पाहावं लागतं.

आमच्या शेजारच्या घरात तहसीलमधून निवृत्त झालेले एक बाबूजी राहायचे. सरळ, स्वच्छ माणूस. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि गल्लीतल्या कुणाचंही सरकारी काम असलं तर स्वतः चहा पाजून अर्ज लिहून द्यायचे. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी लग्नाची. त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी. या बाईचा आवाज मी वर्षानुवर्षं फक्त नळाला पाणी आल्यावर ऐकला.

मुलीला पाहायला उमरखेडकडचे पाहुणे आले. बाबूजींनी हौसेने वरच्या गॅलरीत खुर्च्या मांडल्या, का तर वारा छान लागतो. मीही मदतीला गेलते. वहिनींनी पोहे केले, वर ओलं खोबरं. मुलाच्या आईने पहिला घास तोंडात टाकला आणि नाल्यापलीकडे मयत उतरली. तिचा चमचा बशीतच राहिला. "रोजचंच हाय का हे?" तिने विचारलं. बाबूजी म्हणाले, "नाही वो, कधीमधी." त्यांचं वाक्य पुरं व्हायला आणि चढावर दुसरी मयत दिसायला एकच गाठ पडली. मला हसू आवरेना, मी ताट घेऊन खाली पळाले. पाहुण्यांचा निरोप दोन दिवसांनी आला, अर्थातच नकार. मुलगी मला म्हणाली, "बरं झालं काकू. मेलेल्याले भेणारे लोक, जित्याशी कसे राहतीन?" तिला काही वाटलं नव्हतं. वाटलं ते तिच्या बापाला. पाहुण्यांसमोर खोटं पडलेला तो माणूस आठवडाभर गॅलरीत फिरकला नाही.

मग त्यांनी आयुष्यभर ज्याची सवय होती ते केलं, निवेदन लिहिलं. मोक्षधामाचं विद्रूप दृश्य, लहान मुलांच्या मनावर होणारा परिणाम, स्त्रिया भयभीत होतात, वगैरे. आमच्या लेआऊटमधल्या, म्हणजे नव्या प्लॉटांवरच्या घरांतल्या सगळ्या पुरुषांनी सह्या केल्या, आमच्या घरच्यांनीसुद्धा. मी म्हटलं, "कोनती स्त्री भयभीत झाली? मले तं कोनी इचारलं नाही." यजमान म्हणाले, "तुले पाहून मुडदे भेतीन." हा विनोद त्यांनी नंतर दहा ठिकाणी सांगितला.

नगरपंचायतीकडून लोक आले. खोटं कशाला बोलू, लवकर आले. त्यांनी गॅलरीत उभं राहून पाहिलं, टेप लावला, चहा घेतला आणि नाल्याच्या काठाने बांबू ठोकून हिरवी जाळी बांधली, रोपवाटिकेत बांधतात तशी. चैतातल्या वावटळीत ती निघाली. अर्धी नाल्यात गेली आणि अर्धी माझ्या दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसली. बाबूजींनी दुसरं निवेदन दिलं. या वेळी खुद्द मुख्याधिकारी आले. तरुण पोरगा, बोलायला गोड. मोकळ्या जागेतल्या मंदिरासमोर सतरंजी टाकून बैठक झाली. पक्की भिंत बांधू, दोन पुरुष उंच, असं ठरत आलं होतं.

बाया मागे बसल्या होत्या. मी उठले. म्हटलं, "भिंत बांधा, माझी ना नाही. पण इसाव्याच्या समोर तेवढी बुटकी ठेवा. बाया तिथून पाहतात."

"काय पाहतात?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं. ते बाहेरच्या जिल्ह्यातले होते, त्यांना ठाऊक नव्हतं.

"आपलं माणूस."

मग बाबूजी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "बायाईसाठीच तं करून राह्यलो ना हे सगळं. कायले पाहावं त्याईनं तसलं?" मुख्याधिकारी म्हणाले, "ताई, तुमची भावना समजते. पण मध्येच भिंत बुटकी केली तर डिझाइन बिघडेल." माझ्या शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पदराला धरून मला खाली बसवलं. मी बसले, कारण पुढून यजमान डोळे वटारत होते आणि कारण सतरंजीवरचा एकही पुरुष माझ्याकडे पाहत नव्हता.

भिंत झाली. आमच्या बाजूने तिच्यावर चित्रं काढली, हिरवे डोंगर, धबधबा, पांढरे हंस आणि ओळीने नारळाची झाडं. आमच्याकडे कपाशी, तूर, सोयाबीन. नारळ दिसतो तो पूजेला. पण लोक येऊन फोटो काढू लागले. बाबूजी गॅलरीत बसून चहा घेऊ लागले. त्यांच्या मुलीचं लग्न नागपूरला जमलं आणि त्याचं श्रेय त्यांनी भिंतीला दिलं. मलाही बरं वाटलं, हे कबूल करते. कापड बेतताना मान वर केली की हंस दिसायचे. एरवी माझ्या मनात दिवसभर रेंगाळणारी अनोळखी माणसांची दुःखं आता माझ्यापर्यंत येत नव्हती. महिना दोन महिने मी खरोखर सुखात होते.

मग एका दुपारी जुन्या वस्तीतली एक मयत आली. पुरुष पुढे गेले, बाया कडुनिंबाखाली थांबल्या. त्यांच्यात गेलेल्या म्हातारीची लेक होती, झरी जामणीकडून कुठूनतरी रातोरात प्रवास करून आलेली. समोर डोंगर आणि धबधबा. "लागली का वो?" एक दुसरीला विचारत होती. "धूर पाह्य." वारा उलटा होता, धूर दिसेना. त्या नुसत्या उभ्या. मी मशीन थांबवून पाहत होते. बऱ्याच वेळाने एक माणूस आंघोळ करून, ओल्या केसांनी रस्त्याने परत आला आणि ओरडला, "अवं, घरी जा ना! केव्हाचंच झालं." ती लेक मटकन ओट्यावर बसली. जिथे तिच्या आईची तिरडी टेकवली होती तिथेच. तिची आई जळत होती आणि ती हंस पाहत उभी होती.

माझं डोकं फिरलं. तशीच चप्पल घालून मी शेजारच्या घरी गेले आणि बाबूजींना तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकून घेत होते. मग शांतपणे म्हणाले, "मंग आमी काय जन्मभर मुडदे पाहत राहावं का बाई? तुमी सांगा." त्यांचंही खोटं नव्हतं, हेच तर अवघड होतं. जेवताना चिता दिसू नये असं वाटणं हा काही गुन्हा नाही. फक्त त्यांना जे झाकायचं होतं, तेच दुसऱ्या कुणाला शेवटचं पाहायचं होतं.

माझी एक मैत्रीण आहे, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. तिच्या घरचे आजोबांपासून बौद्ध. तिला हा सगळा प्रकार सांगितला तर ती उलट मलाच म्हणाली, "पण तुमी बाया बाहेर काहून उभ्या राहता? आमच्यात तं आतपर्यंत जातात. माझ्या मायच्या वेळेस मी तिथंच होती, उशापाशी." मोक्षधाम गावात सगळ्यांचं एकच. तिच्या वस्तीतल्या बाया पांढरी लुगडी नेसून उतार उतरून जाताना मी खिडकीतून कितीदा पाहिल्या होत्या. त्यांचं वेगळं, आमचं वेगळं, असं म्हणून मी सुई ओवत राहिले होते. मी म्हटलं, "आमच्यात नाही चालत." ती म्हणाली, "मंग चाला नगरपंचायतीत."

गेलो. आम्ही दोघी आणि जुन्या वस्तीतल्या काही बाया. मुख्याधिकाऱ्यांनी खुर्च्या मागवल्या, नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, सौंदर्यीकरणाच्या निधीतलं काम आहे. पूर्ण झालं म्हणून वर कळवलंय. आता पाडलं तर मलाच विचारतील, सुंदर केलेलं का पाडलं?" मैत्रीण म्हणाली, "नुसती खिडकी ठेवा." त्यांनी मान हलवली. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला. "महिलांना उभं राहावं लागतं, हा मुद्दा रास्त आहे. त्याचं करतो काहीतरी."

आणि केलंही. पुढच्या पावसाळ्याच्या आत कडुनिंबाशेजारी छत आलं, खाली स्टीलचे बाक, वर फलक, 'महिला प्रतीक्षा कक्ष'. बाकांची तोंडं भिंतीकडे. मी त्या दिवशी इतकी हसले की यजमान घाबरले. हसून झाल्यावर रडूही आलं, तेही लिहिते. आम्ही डोळे मागितले होते आणि सरकारने बसायला जागा दिली. त्या बाकांवर आजवर मी कुणा बाईला बसलेलं पाहिलं नाही. दुपारी तिथे शेळ्या बसतात.

बाबूजी गेले ते सोयाबीन काढणीच्या दिवसांत. छातीत दुखतंय म्हणून यवतमाळला नेलं आणि तिथून ते जिवंत परतले नाहीत. भांडण झाल्यापासून आम्ही एकमेकांशी बेताचंच बोलायचो, पण त्यांना घरात आणून ठेवलं तेव्हा मला कळलं की गल्लीतला एक आधार गेला. आमच्या यजमानांच्या पेन्शनचं अडलेलं काम त्यांनीच लिहून लिहून सोडवलं होतं.

त्यांच्या दारातून मोक्षधाम समोरच, मधला नाला ओलांडला की झालं. पण रीत ती रीत. मयत मोठ्या रस्त्याने फिरून चढावर गेली आणि विसाव्याला टेकवली. आम्ही बाया मागे. वहिनींना एका बाजूने मुलीने धरलं होतं, दुसऱ्या बाजूने मी. माझी मैत्रीणही आली होती. खांदेकरी बदलले आणि बाबूजी उताराने खाली गेले. भिंतीच्या कडेला वळले आणि दिसेनासे झाले.

वहिनी पाहत राहिल्या. त्यांनी मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे केली. टाचा उंच करून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "कुठं नेलं त्याईले?"

"तिथंच वहिनी. भिंतीमांगं."

"मले दिसून नाही राह्यलं."

माझ्या जिभेवर काय काय आलं असेल ते वाचणाऱ्याने ओळखावं. पण ते बोलण्याची ती वेळ नव्हती आणि खरं सांगायचं तर जिभेवर आलेलं सगळं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून विरघळून गेलं. या बाईने कुठल्या कागदावर सही केली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, "बसा वहिनी बाकावर." वहिनींनी बाकाकडे पाहिलं आणि आमचे हात सोडवून उतार उतरायला लागल्या. त्यांची नणंद मागून म्हणाली, "अवं वहिनी, कुठं जाऊन राह्यली? बाया नाही जात तिथं." वहिनी थांबल्या. वळल्या नाहीत, नुसत्या उतारावर थांबल्या. मला वाटलं, आता त्या परत येणार. जन्मभर हाक मारली की परत आलेली बाई ती.

मैत्रीण त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "जातात. मी गेलती. चाला, मी हाय संगं."

मुलगी गेली, मी गेले. मागे चपलांचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं तर पुष्कळशा बाया येत होत्या, नणंदसुद्धा. भिंतीच्या कडेला वळल्यावर लोखंडी फाटक लागलं. आतून भिंतीला साधं प्लास्टरही नव्हतं, नुसत्या विटा. पुरुषांनी माना वळवून आम्हाला पाहिलं. निवेदनावर सह्या केलेली सगळी मंडळी तिथे होती. आमचे यजमान मला काहीतरी म्हणणार होते, पण माझ्यापुढे वहिनी होत्या, म्हणून त्यांनी वाट दिली. मग सगळ्यांनीच दिली.

बाबूजींना नुकतंच सरणावर ठेवलं होतं. मुलगा बाजूला मडकं घेऊन उभा, आई दिसताच त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. वहिनी रडल्या नाहीत. जवळ गेल्या, वाकून त्यांच्या खांद्याखाली पाहिलं आणि नळावरच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ते मधलं लाकूड काढा. गाठ हाय त्याले. मणक्याचं आपरेशन झालं त्याईचं, टोचन त्याईले."

आता काही टोचत नसतं, असं सांगायला कुणी पुढे आलं नाही. मुलाने मडकं खाली ठेवलं. आमच्या यजमानांनी आणि आणखी दोघांनी बाबूजींना अलगद उचलून धरलं, मुलाने ते गाठीचं लाकूड ओढून काढलं आणि बाजूच्या ढिगातून एक सरळ, चपटं शोधून त्याजागी सरकवलं. त्यांना पुन्हा निजवलं.

"आता?" त्याने आईला विचारलं.

वहिनींनी हात घालून पाहिलं. "हां," म्हणाल्या. "आता लावा."